पट्टा सरकला म्हणे

धारेच्या मशीनचा पट्टा त्या दिवशी चौथ्यांदा उतरला तेव्हा सुदामकाकाने तो जमिनीवरून उचलला, मुठीभोवती गुंडाळला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

मी शेड आणि घराच्या मधल्या दारात होते. पट्टा उडताना त्याच्या कानावर फटका मारून गेला होता, कानाची पाळी फाटली होती आणि रक्त मानेवरून शर्टात उतरत होतं. त्याला त्याचं भान नव्हतं. प्रयागाकाकी चुलीपुढे भाकरी थापत होती. काकाने आधी मारलं आणि मग विचारलं. त्या पट्ट्याच्या एका अंगाला खरखरीत दाणे असतात. पॉलिशपेपरला असतात तसेच, पण लोखंड खाणारे. पहिल्या फटक्याला तिच्या ब्लाउजचं कापड फाटलं आणि दुसऱ्याला खालची कातडी.

"मशिनला कोण शिवलं?"

हातातली भाकरी काकीने तव्यावर टाकली. एवढ्यातही ती भाकरी तुटू दिली नाही हे मला अजून आठवतं.

"बाईमाणसाचा हात लागल्याशिवाय पट्टा असा नाचत नाही. सकाळी कोण शिवलं?"

"मी शिवले," काकी म्हणाली. "झाडताना लागला हात."

काकी शिवलीच नव्हती. मी शिवले होते. सकाळी शाळेला जायच्या आधी मी शेडमध्ये जाऊन मशीनचं वरचं चाक हाताने गरागरा फिरवून बघितलं होतं. मी सातवीत होते, पाळी सुरू होऊन दोनच महिने झाले होते आणि त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता. हे आईला आणि काकीला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. काकाला कळलं असतं तर पट्टा कुणाच्या पाठीवर बसला असता हे सांगायला नको.

आता मी दहावीत आहे आणि हे सगळं लिहिताना मला काकाला 'ते' म्हणवत नाही. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे, पाया पडायचे आणि त्याची चप्पल वाजली की वही मिटायचे.

आम्ही लोहार. बालाघाटाच्या डोंगराखाली आमचं गाव, आणि आमच्या भागातली निम्मी माणसं दसरा झाला की उसतोडीला बाहेर पडतात. त्यांना कोयते आम्ही देतो. पप्पा आणि काका दोघे भाऊ मिळून एकच शेड चालवायचे. पप्पा भट्टीवर, काका धारेवर. पूर्वी धार दगडावर लावायचे, एका कोयत्याला अर्धा तास जायचा. मग काकाने मोबाइलवर बघून घरीच मशीन बनवलं. जुन्या कडबाकुट्टीची मोटर, खाली एक चाक, वर एक चाक, दोन्हींवर ताणून बसवलेला खरखरीत पट्टा, पट्टा ताणायला मोटारसायकलचं स्प्रिंग. पट्टा पळायला लागला की त्याच्यावर कोयता टेकवायचा, ठिणग्यांचा झाडू उडतो आणि पाच मिनिटांत धार तयार. दिसायला ते मशीन म्हणजे उंटाला लुगडं नेसवल्यासारखं, पण काकाला त्याचा इतका गर्व की येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचा.

एकच भानगड होती. पट्टा चाकावर ठरायचा नाही. चालू केलं की डावीकडे सरकत सरकत काठावर यायचा आणि फटकन बाहेर उडायचा.

आणि आता गंमत ऐका. मशीन यायच्या आधी दहा वर्षं आमच्या शेडमध्ये घण कोण मारायचं? प्रयागाकाकी. आठ किलोचा घण. पप्पा सांडशीत लाल लोखंड धरायचे आणि काकी डोक्यावरून घण आणून ऐरणीवर असा बसवायची की शेजारच्या घरातली भांडी वाजायची. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. मशीन आलं तेव्हा काका म्हणाला, इथून पुढं बाईमाणसाने शेडचा उंबरा ओलांडायचा नाही. घण मारायला बाई चालत होती, बटण दाबायला चालेना.

त्या दुपारी काकीच्या पाठीला हळद लावताना मी रडत होते. तिला म्हटलं, मी काकाला सांगते, मीच शिवले म्हणून. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने मान वळवली नाही.

"सांगून काय होईल?"

"तुला मारणार नाहीत."

"तुला मारतील. आणि तुला शिवू दिलं म्हणून मला परत मारतील. गप हळद लाव."

एवढे दंड असलेली बाई मार का खाते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. एकदा मी विचारलंही होतं. ती म्हणाली होती, घण मारायला समोर लोखंड लागतं अक्षे, माणूस असलं की हात उचलत नाही.

मग मी एक गणित मांडलं. पट्टा उतरतो म्हणून काका मारतो. पट्टा उतरायचा थांबला की मारायचा थांबेल. मला गणितात चाळीसपैकी अडतीस पडायचे, त्यामुळे माझा माझ्या गणितावर लई विश्वास.

दसऱ्याला अकरा दिवस राहिले होते आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. काका दिवसातून सहा-सात वेळा पट्टा चढवायचा. मी मधल्या दारातून बघत राहायचे आणि भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. नवा पट्टा चढवला तरी डावीकडेच जातो. पट्टा उलटा करून चढवला तरी डावीकडेच जातो. म्हणजे खोट पट्ट्यात नाही. पट्ट्याचा सांधा वाकडा असता तर उलटा केल्यावर तो उजवीकडे गेला असता ना? हे मी शोधून काढलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जागच्या जागी उडी मारली, आणि आईने विचारलं की मुंगी चावली का.

वरच्या चाकाच्या मागे एक बोल्ट होता. तो फिरवला की चाक थोडं कलायचं आणि पट्टा बाजू बदलायचा. काका तो बोल्ट आवळत राहायचा. आवळला की पट्टा उजवीकडे यायचा, क्षणभर मधे दिसायचा, आणि कोयता टेकवला की परत डावीकडे पळायचा. मग काका शिव्या द्यायचा, मशीनला, मोटरला, पप्पांना, आणि शेवटी घरात यायचा. घरात येताना त्याची पावलं जड पडायची. काकी ती पावलं ऐकून पदर खोचायची आणि चुलीतलं जळतं लाकूड मागे सारायची, पेटू नये कुणी म्हणून.

त्याच आठवड्यात एक दिवस पट्टा उतरला तेव्हा काकाच्या हातात अर्धा घासलेला कोयता होता. त्याने तो तसाच फेकला. कुणावर नेम धरला नव्हता असं पप्पा नंतर म्हणाले. काकी अंगणात धुणं वाळत घालत होती. कोयत्याचं टोक तिच्या दंडाला लागलं आणि मांस उघडं पडलं. तिने वाळत घातलेलीच एक ओली चादर ओढली आणि दंडाला गुंडाळली. चादर पांढरी होती.

पप्पा भट्टीपाशी उभे होते. ते म्हणाले, "सुदाम, जरा सांभाळून रे."

एवढंच. माझे पप्पा चांगले आहेत. मला कधी हात लावला नव्हता त्यांनी तोवर. पण त्या दिवशी त्यांनी लोखंड परत भट्टीत ठेवलं आणि भात्याची कळ दाबली, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी रात्री जेवले नाही.

उत्तर मला गिरणीत सापडलं. हुसेनचाचांची पिठाची गिरणी म्हणजे गावातली सगळ्यात जुनी वस्तू. इंजिनपासून जात्यापर्यंत एक लांबलचक चामडी पट्टा फिरतो, हातभर रुंद. मी दळणाचा डबा घेऊन रांगेत बसले होते आणि तो पट्टा बघत होते. चाचा म्हणायचे तो पट्टा त्यांच्या लग्नाआधीचा आहे. तो कधीच उतरत नव्हता. धरायला काठ नाही, अडवायला काही नाही, तरी मधोमध.

मी विचारलं. चाचांच्या भुवयांवर पीठ बसलेलं, त्यामुळे ते कायम आश्चर्य वाटल्यासारखे दिसायचे. त्यांनी इंजिन बंद केलं, रांगेतल्या बाया ओरडल्या, त्यांनी लक्ष दिलं नाही. माझा हात धरून चाकावर ठेवला.

"फिरव हात. काय लागतं?"

"मधे फुगलंय."

"पोट आहे त्याला. पट्टा उताराला पळत नाही पोरी, चढाला पळतो. जिथं चाक मोठं, तिथं चढून बसतो. मधे पोट असलं की मधे बसतो. तुझ्या काकाचं चाक सपाट असेल."

मी सपाट म्हणाले. काकाने वरचं चाक पाइप कापून बनवलं होतं. पोट कुठलं असणार, ते तर नळकांडंच होतं. चाचांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते दोरा लावून बघ, आणि चाक ज्या बिजागरीवर कलतं ती ढिली आहे का ते हलवून बघ. मग इंजिन चालू केलं आणि माझं दळण सगळ्यात शेवटी घेतलं, कारण बायांनी तेवढं भांडण केलं होतं.

गुरुवारी तालुक्याचा बाजार. पप्पा आणि काका कोयत्यांची पोती घेऊन सकाळीच गेले, आई रानात गेली. मी पोट दुखतंय सांगून शाळा बुडवली. पोट अजिबात दुखत नव्हतं.

शेडच्या उंबऱ्यावर काकी उभी राहिली. दंडाला पट्टी होती.

"काय करायलीस?"

"दुरुस्त करायलेय. ये, हे चाक धर."

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. मग तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि आत आली. मी खालच्या चाकाच्या काठाला दोरा लावला आणि वर ताणला. वरचं चाक बोटभर बाहेर होतं. बोटभर! काका दोन महिने बोल्ट आवळत होता आणि चाकं एकमेकांच्या समोरच नव्हती. आम्ही वरचं चाक काढलं, पाठीमागचे दोन जाड वायसर काढून पुढे टाकले, चाक आत गेलं. बिजागरीचा बोल्ट ढिला होता, हाताने हलवला तर खुडखुड वाजायचा. म्हणूनच कोयता टेकवला की चाक मान टाकत होतं. तिथे जाड बोल्ट घालायचा होता, तो काकीने ऐरणीखालच्या डब्यातून अचूक शोधून दिला. दहा वर्षं तिथे काम केलेलं, तिला प्रत्येक डबा ठाऊक. नट आवळायला मी पान्याला लोंबकळले. काकीने मला बाजूला केलं आणि एका हाताने आवळला.

मग पोट. माझ्या सायकलच्या फुटक्या ट्यूबची मी दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि चाकाच्या मधोमध सोल्युशनने चिकटवली. तिच्यावर आणखी एक, अर्ध्या रुंदीची. चाकाला पोट आलं. काकी म्हणाली, चौथ्या महिन्याचं दिसतंय. आम्ही दोघी इतक्या हसलो की मला सोल्युशनच्या वासाने ठसका लागला.

पट्टा चढवला. मी बटण दाबलं.

तो पळाला. डावीकडे एक करंगळी सरकला, मी मागचा बोल्ट पाव फेरा फिरवला, तो परत मधे आला आणि तिथेच राहिला. मी श्वास धरून बसले. तो हलेना. काकीने एक कोयता उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने कोयता टेकवला, दाबला, आणखी दाबला. ठिणग्या तिच्या पावलांपर्यंत उडाल्या. पट्टा जागचा हलला नाही.

मी आयुष्यात इतकी खूश कधीच झाले नव्हते. स्कॉलरशिप मिळाली तेव्हासुद्धा नाही. मी पळत अंगणात गेले, कोंबड्या उधळल्या, परत आत आले आणि बघितलं तर तो अजून मधोमधच.

संध्याकाळी काका आला तेव्हा मीच सांगितलं. काकीने डोळ्यांनी नको नको केलं, पण मला कुठलं राहवतंय. त्याने मशीन चालू केलं. कोयता टेकवला. मग बोल्टकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. तो हसला. "कार्टीनं ट्यूब लावली व्हय," म्हणाला, आणि माझ्या पाठीत थाप मारली. जोरात मारली, पण थापच होती.

शुक्रवारी पट्टा एकदाही उतरला नाही. शनिवारी नाही. दोन्ही दिवस काकाने काकीला हात लावला नाही. मी वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहून पुढे बरोबरची खूण करत होते. गणित सुटलं होतं.

रविवारी दुपारी मी शेडच्या दारात बसून पाठांतर करत होते. पप्पा कोळसा आणायला गेले होते. काका चौकातून आला. नंतर कळलं की हॉटेलात कुणीतरी म्हणालं होतं, सुदाम, मशीनचं काही अडलं तर पुतणीला विचारून घेत जा. सगळे हसले होते. तेवढंच.

त्याने शेडमध्ये जाऊन मशीन चालू केलं. पट्टा पळायला लागला. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. मी मनात म्हटलं, बघ, बघ कसा सरळ पळतोय. मग तो मला ओलांडून घरात गेला आणि काकीला केसांना धरून ओढत घेऊन आला. तिच्या हातात वरणाची पळी होती. ती उंबऱ्याला ठेचाळून गुडघ्यांवर आपटली, तो थांबला नाही. मशीनपाशी नेऊन तिचं डोकं त्याने ऐरणीच्या ठोकळ्यावर आपटलं. कपाळ फुटलं.

"या कार्टीला कुणी येऊ दिलं आत? तू येऊ दिलं. माझ्या मशिनला ट्यूब लावता व्हय गं? गावात हसायलेत मला."

त्याने लाथ घातली. मी वहीसकट आत धावले आणि ओरडले, काका, पट्टा उतरलेला नाही. मला वाटलं त्याने बघितलं नसेल. मला वाटलं त्याला दाखवलं की तो थांबेल. "काका, बघा ना, तो सरळच पळतोय."

तो वळला आणि मला एक लगावली. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मी मशीनच्या बटणाच्या बोर्डाला जाऊन आपटले. तिथून मला पट्टा दिसत होता. तो मधोमध होता. त्याच्याखाली काका काकीच्या बरगड्यांत लाथा घालत होता, आणि पट्टा मधोमध होता.

मग त्याने कोपऱ्यातली लोखंडी सळई घेतली आणि माझ्याकडे आला.

काकी उठली. रक्त तिच्या डोळ्यात उतरलं होतं. तिने मागून त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "सुदाम."

तिने आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा हसून चुकवायची. तोही दचकला. सळई खाली पडली.

"सुदाम, पोरीला न्हाई."

त्याने हिसका मारला. मनगट सुटलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर बुक्की मारली, ओठ फाटला, मनगट सुटलं नाही. ती त्याला ढकलत नव्हती, ओढत नव्हती, ती फक्त त्याचा हात नेत होती, जसं एखादं काम करायचं असतं तसं. तिने त्याचा तळवा उघडा केला आणि पळत्या पट्ट्यावर ठेवला.

आवाज लोखंडासारखा नव्हता. ठिणग्या नव्हत्या. काका ओरडला तो आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने वरून आपला हात दाबून धरला होता. पट्ट्यावर लाल रेघ उमटली, ती वरून खाली पळाली, मग सगळा पट्टाच लाल दिसायला लागला. शिंतोडे माझ्या पाठांतराच्या वहीवर आले.

बटण माझ्या खांद्यापाशी होतं.

मला ते माहीत होतं. मी हात वर केला, बटणावर ठेवला आणि पट्ट्याकडे बघितलं. मग दाबलं. मधे किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. थोडाच गेला. पण गेला.

काका जमिनीवर बसला होता, हात पोटाशी धरून. काकीने पदर फाडला आणि त्याच्या हाताला बांधला. दंडाला जशी चादर बांधली होती तसाच घट्ट. मग तिने मला विचारलं, कान दुखतोय का.

तालुक्याच्या दवाखान्यात पप्पाही येऊन पोचले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पट्टी सोडली आणि तळव्याकडे बराच वेळ बघितलं. दोन बोटांची हाडं दिसत होती.

"कसं झालं?"

काका पडल्या पडल्या छताकडे बघत होता. बायकोने केलं असं त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, ते त्याच्या मेलेल्या तोंडूनही निघालं नसतं. "पट्टा सरकला," तो म्हणाला.

डॉक्टरांनी परत हाताकडे बघितलं. म्हणाले, पट्टा सरकला तर फटका बसेल, कापेल, पण सबंध तळवा असा सपाट घासला कसा जाईल. मग त्यांनी काकीच्या कपाळाकडे बघितलं, फाटक्या ओठाकडे बघितलं, तिच्या हातावरच्या वाळलेल्या रक्ताकडे बघितलं. म्हणाले, मला चौकीला कळवावं लागेल. आणि पप्पांना विचारलं, त्या वेळी मशीनपाशी कोण होतं.

काकी भिंतीला टेकून उभी होती. तिचं तोंड उघडायला लागलं. ती खरं सांगणार होती. मला तिचा चेहरा ओळखता येतो.

"मी होते," मी म्हणाले. "पट्टा मीच बसवला होता. चाकाला ट्यूब लावली होती. काकांनी हात टेकवला तेव्हा ट्यूब निघाली आणि पट्ट्यात त्यांचा हात ओढला गेला. काकी सोडवायला गेली, तीही आपटली." सगळे माझ्याकडे बघत होते. पुढचं वाक्य बोलायला मला सगळ्यात जास्त जोर लागला. "मला नीट जमलं नव्हतं."

डॉक्टरांनी कागदावर अपघात असं लिहिलं. काका छताकडेच बघत राहिला. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात पप्पांनी मला मारलं. एकच थोबाडीत. काकाने मारलेल्याच गालावर. म्हणाले, परत शेडचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि मग तिथेच बाकावर बसून त्यांनी तोंड हातात धरलं. मी त्यांच्या शेजारी बसले. सांगून टाकावं असं इतक्यांदा तोंडाशी आलं की दात दुखायला लागले.

गावात सगळ्यांना तयार उत्तर मिळालं. पोरीबाळींच्या हातात मशीन दिलं की असंच होणार. हॉटेलात म्हणायचे, सुदामचा पट्टा सरकला म्हणे. शाळेत पोरं मला ट्यूब म्हणायला लागली. हुसेनचाचांनी एकदा विचारलं, पोट मधे होतं ना गं? मी म्हणाले, चुकलं असेल. त्यांनी माझ्याकडे पिठाळ भुवयांनी बघितलं आणि पुढचं दळण घेतलं.

काकाच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. डावा हात मात्र धड होता. महिन्याने एकदा त्याने तो काकीवर उचललाही. काकी जागची हलली नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याने हात खाली घेतला. नंतर तो बहुतेक दिवस चौकातच असायचा.

मशीन गोणपाटाखाली पडून होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता, रक्तसुद्धा पुसलं नव्हतं. पप्पा परत दगडावर धार लावायला लागले आणि कोयते साठत गेले. मग एका सकाळी काकीने शेडमध्ये जाऊन गोणपाट ओढलं. पप्पांनी एकदा तिकडे बघितलं आणि पाटी घेऊन कोळसा आणायला गेले. त्यांना वाटलं असणार ती मशीन काढून टाकतेय. ती बटणापाशी गेली आणि मला हाक मारली. मी उंबऱ्याबाहेर थांबले.

"ये आत."

"पप्पांनी नको म्हटलंय."

"ये. सगळे म्हणतात तुला जमलं नाही. राग येतो का?"

"येतो," मी म्हणाले. "लई येतो."

ती हसली. ओठावरचा व्रण ताणला गेला. तिने बटण दाबलं.

पट्टा तोच होता, तपकिरी पडलेला, डाग अजून तसाच. चाकं तीच, बोल्ट तोच, माझ्या सायकलची ट्यूब जिथे चिकटवली होती तिथेच. तो पळायला लागला, आणि मी कधी आत गेले मला कळलं नाही. मी कोयता घेतला आणि टेकवला. ठिणग्यांबरोबर वाळलेल्या रक्ताची धूळ उडाली आणि खालचे दाणे चमकायला लागले. मी दाबलं. तो जागचा हलला नाही.

मान वर केली तेव्हा पप्पा दारात होते. डोक्यावर कोळशाची पाटी होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते पट्ट्याकडे बघत होते. पप्पा लोहार आहेत, तीस वर्षं लोखंड बघतात. त्यांनी ट्यूब बघितली, बिजागरी बघितली, परत पट्ट्याकडे बघितलं. मग काकीकडे. काकीने नजर खाली घेतली नाही. मग माझ्याकडे.

त्यांनी पाटी खाली ठेवली. भट्टीमागच्या खुंटीवरून वेल्डिंगचा चष्मा काढला, धोतराने पुसला, माझ्या डोळ्यांवर चढवला आणि मागे पट्टा घट्ट ओढून दिला.

"डोळे उघडे ठेवून धार लावू नये," ते म्हणाले, आणि भट्टी पेटवायला गेले.